जांभळे आणि गुलाबी

पहिल्या प्रॅक्टिकलला मी मुलांना घरून ताक आणायला सांगत असे. कुणी ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत आणी, कुणी डब्यातल्या वाटीत. एका मुलीच्या आईने 'मॅडमनाही होईल' म्हणून तांब्याभर पाठवले होते. त्यातला जेमतेम एक थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळू द्यायचा, स्पिरिटच्या दिव्यावरून पट्टी दोन-तीनदा फिरवायची, म्हणजे जंतू काचेला चिकटून बसतात. मग क्रिस्टल व्हायोलेट, मिनिटभर. धुवायचे. आयोडीन, मिनिटभर. धुवायचे. मग अल्कोहोल. इथे नवख्याचा हात अडखळतो, कारण हे काम काही सेकंदांचेच असते. शेवटी सॅफ्रनिनचा गुलाबी रंग. पट्टी टिपून, तेलाचा थेंब टाकून त्यात शंभरपटीचे भिंग टेकवले की ताकातली वस्ती दिसू लागते. जांभळ्या काड्या, आणि मण्यांच्या सरीसारखे एकामागे एक लागलेले जांभळे गोल.

"मॅडम, माझे सगळे गुलाबी आलेत," असे म्हणणारे एक तरी पोर दर वर्षी निघे. ताक तेच, जंतू तेच. त्याने अल्कोहोल नको इतका वेळ ओतलेले असे. मुले अशी पट्टी गुपचूप पुसून टाकतात. मी ती ठेवून घ्यायला लावी आणि त्याच्या वहीत लिहायला सांगे की या विद्यार्थ्याने आज अर्ध्या मिनिटात ताकातल्या जंतूंची जात बदलली. वर्ग हसे. हे पुस्तक त्या पट्ट्यांमधून निघाले आहे.

हा रंग ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या हान्स क्रिस्टियान ग्राम या डॅनिश डॉक्टरला जंतूंचे गट पाडायचेच नव्हते. १८८४ साली बर्लिनच्या एका रुग्णालयात तो न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांचे काप रंगवत होता. मांस फिके पडावे आणि त्यातले जंतू तेवढे गडद उठून दिसावेत, एवढीच त्याची खटपट. पण काही जंतू मांसाबरोबर आपलाही रंग सोडून देत. ग्रामच्या लेखी हा पद्धतीतला दोष होता आणि आपल्या लेखात त्याने तो प्रांजळपणे कबूल केला. गुलाबी रंगाचा शेवटचा हात पुढे इतरांनी दिला. मग जे रंग धरून ठेवतात ते ग्रॅम पॉझिटिव्ह, सोडतात ते ग्रॅम निगेटिव्ह, अशी जीवाणूंच्या घराची मधली भिंत त्या दोषावरच उभी राहिली.

ती भिंत खोटी नव्हती. जांभळ्यांच्या अंगावर जाड कवच असते. गुलाबींचे कवच पातळ, पण त्यावर स्निग्ध पदार्थाचा आणखी एक पडदा. अल्कोहोलने तो पडदा विरघळतो आणि रंग वाहून जातो. हाच पडदा शाबूत असतो तेव्हा काही औषधांना आत येऊ देत नाही. व्हँकोमायसिनसारखा थोराड रेणू त्यातून शिरत नाही, म्हणून गुलाबी जंतूंवर ते वाया जाते. रुग्णाच्या रक्तात जंतू वाढले की प्रयोगशाळेतून वॉर्डात जाणारा पहिला फोन आजही जंतूच्या नावाचा नसतो. 'ग्रॅम पॉझिटिव्ह, गोल, घोसाघोसांनी' एवढाच निरोप जातो आणि तेवढ्यावर सलाईनमध्ये जाणारे औषध बदलते. नाव कळायला अजून वेळ असतो.

वर्गीकरण म्हणजे निसर्गाचे कपाट आवरून ठेवणे, असे आपण शाळेत शिकतो. प्राणी एका खणात, वनस्पती दुसऱ्यात. हत्ती, आंबा, मोर यांच्या बाबतीत ते ठीक आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्यांना मात्र हातात सापडेल त्या कडीला धरून पकडावे लागले. आधी आकार, मग रंग, मग ते काय खातात, कशावर वाढतात, आणि आता त्यांचे जनुक. कडी बदलली की कपाट उलटेपालटे होते. ही उलथापालथ वर्गातल्या फळ्यावर संपत नाही, ती रुग्णाच्या केसपेपरपर्यंत जाते. या पुस्तकाचा विषय तोच आहे. पहिल्या आवृत्तीच्या मसुद्यावर एका परीक्षकांनी 'याद्या कमी आहेत' असा शेरा मारला होता. याद्या कमीच आहेत.

सुरुवातीचा इतिहास झटपट सांगता येतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगातून तळ्याच्या पाण्यातले आणि नंतर दातांच्या किटणातले 'चिमुकले प्राणी' पाहिले, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रांमागून पत्रे धाडली. हे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. पुढच्या शतकात सगळ्या सजीवांना दुहेरी नावे वाटत सुटलेल्या लिनियसपुढे हे चिमुकले आले तेव्हा त्या शिस्तीच्या माणसाचेही हात टेकले. त्याने त्यांना कृमींच्या वर्गात टाकले आणि त्या खणावर चिठ्ठी लावली 'केऑस', म्हणजे गोंधळ. मला यात मौज वाटते ती आपल्या भाषेमुळे. लहान मुलाच्या पोटात होतात ते जंत, आणि हात न धुता जेवल्यावर पोटात जातात ते जंतू. एकाच शब्दाची ही दोन भावंडे. लिनियसला न विचारता मराठीनेही त्यांना एकाच खोलीत झोपवले होते.

मराठी माणसाने वर्गीकरण केले ते रोगांचे, आणि ते बारकाईने केले. देवी वेगळी, कांजिण्या वेगळ्या, गोवर वेगळा. पटकी आली की गावाच्या वेशीवर मरीआईचा गाडा. लक्षणांवरून रोग ओळखणे यात आपण कुणाला हार जाणारे नव्हतो. पण लक्षण फसवते, आणि किती फसवते याचे माझ्या माहितीतले सर्वांत चांगले उदाहरण मुंबई-साताऱ्याकडेच घडले.

वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ग्रेचे शरीरशास्त्र माहीत असते. १८५८ साली निघालेल्या त्या ग्रंथातली चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टरने काढली होती. पुस्तक ग्रेच्या नावाने अमर झाले. कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, पुढे काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. त्याच्यापुढे पाय घेऊन माणसे येत. शेतात अनवाणी चालताना काटा रुतलेला, मग गाठ, मग वर्षानुवर्षे सुजत गेलेला पाय, त्याला जागोजागी छिद्रे, आणि छिद्रांतून पुवाबरोबर बाहेर पडणारे बारीक दाणे. मदुरैकडच्या दवाखान्यांतून या रोगाची वर्णने आधी आली होती, म्हणून त्याला मदुरा फूट म्हणत. कार्टरने दाणे पाहिले, आणि शरीरशास्त्राची चित्रे काढणाऱ्याच्या नजरेने पाहिले. काही पायांतून काळे दाणे येत, खसखशीएवढे, बंदुकीच्या दारूसारखे. काहींतून फिकट, पिवळसर. भिंगाखाली त्याला तंतू दिसले, म्हणून ही बुरशी असे त्याने ठरवले आणि रोगाला मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव दिले. १८७४ साली त्याने या रोगावर स्वतंत्र ग्रंथ काढला.

काळ्या दाण्यांच्या बाबतीत तो बरोबर होता, ती बुरशीच होती. पण फिकट दाण्यांपैकी बऱ्याच दाण्यांत जे तंतू होते ते जीवाणूंचे निघाले. बुरशीसारखे फांद्या फोडत वाढणारे, पण अंगाने जीवाणू. म्हणजे तीच सूज, तीच छिद्रे, साताऱ्याच्या त्याच बाकावर शेजारी शेजारी बसलेले दोन शेतकरी, आणि एकाच्या पायात बुरशी तर दुसऱ्याच्या पायात जीवाणू. या दोन घराण्यांमधले अंतर मोजायचे तर बुरशी ही जीवाणूपेक्षा माणसाला जवळची आहे. आज एकाला बुरशीनाशक द्यावे लागते, दुसऱ्याला प्रतिजैविक, आणि अदलाबदल झाली तर महिनोन्महिने गोळ्या खाऊन पाय तसाच राहतो. कार्टरने लावलेले नाव मात्र दोन्हींना चिकटले ते चिकटलेच. जीवाणूमुळे झालेल्या रोगालाही आपण आजवर 'बुरशीची गाठ' म्हणत आलो आहोत. पण कार्टरचे मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत दिसते. त्याचा निष्कर्ष अर्धा चुकला, पण दाण्यांचे रंग त्याने वेगळे नोंदवून ठेवले होते. पुढच्यांना फाटा फोडायला तीच रेघ उपयोगी पडली.

चुकीचे नाव चिकटण्याचा प्रसंग आपण २०२१ मध्येही पाहिला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि 'काळी बुरशी' हा शब्द घरोघर गेला. पाठोपाठ पांढरी बुरशी आली, पिवळी आली. होळीनंतर रंग उरावेत तशी बातम्यांत बुरशी उरली होती. म्युकर काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते आणि पुरवठा तुटलेले मांस काळे पडते. काळा रंग रुग्णाचा, बुरशीचा नव्हे. अंगात खरोखर काळा रंग असलेल्या बुरशींचा गट निराळाच आहे. बुरशी ओळखणाऱ्यांना त्या दिवसांत उसंत नव्हती, कारण अस्परजिलस या बुरशीवर उत्तम चालणारे व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. तिथे अँफोटेरिसिन बी लागते, आणि ते मिळवण्यासाठी नातेवाईक शहरभर कसे हिंडत होते हे मी सांगायला नको.

आता प्लेग. १८९४ साली हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिनने त्याचा जीवाणू शोधला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरने रोग ओळखला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन या संशोधकाने प्लेगवरची आपली लस स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. हे आपल्या आठवणीत आहे. त्या जीवाणूच्या नावाचे काय झाले ते क्वचितच सांगितले जाते. तो आधी पाश्चरच्या नावाच्या कुळात होता, पुढे येर्सिनच्या नावाच्या कुळात गेला आणि येर्सिनिया पेस्टिस झाला. मग डीएनएची तुलना करायची साधने आली, तेव्हा दिसले की हा येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस या दुसऱ्या जीवाणूपासून वेगळा काढताच येत नाही. तो दुसरा बहुतेक वेळा पोट बिघडवतो आणि तो आजार आपोआप बरा होतो. त्याच्यापासून प्लेगचा जंतू काही हजार वर्षांपूर्वीच फुटला आहे, आणि एवढा काळ जीवाणूंच्या हिशेबात काल-परवाचा. तर्काने चालणाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लेगच्या जंतूला त्या पोटदुखीवाल्याची उपजात करून टाकले.

तर्क निर्दोष होता. पण रात्रपाळीच्या तंत्रज्ञाची कल्पना करा. रिपोर्टवर लांबलचक नाव, त्यातला पहिला भाग ओळखीचा आणि निरुपद्रवी, 'पेस्टिस' हा शब्द पार शेवटी, आणि घाईत तोच गाळून फोनवर सांगितला गेलेला. जीवाणूंच्या नावांचे तंटे सोडवणारे आंतरराष्ट्रीय न्यायमंडळ आहे. त्याने १९८५ साली ते नवे नाव फेटाळले. नाते खरे असले तरी नाव धोक्याचे आहे, म्हणून जुनेच चालू राहील. शुद्ध शास्त्राच्या माझ्या काही मित्रांना ही तडजोड वाटते. मला तो या साऱ्या शास्त्रातला सर्वांत शहाणा निकाल वाटतो. आमांशाच्या शिगेलाचेही असेच आहे. जनुके पाहिली तर तो आपल्या आतड्यातल्या ई. कोलायच्या घरातलाच. पण डॉक्टरांना तो वेगळा हवा आहे, म्हणून त्याचे नाव वेगळे ठेवले आहे.

विषाणूंकडे वळण्याआधी एक खुलासा. वर्तमानपत्रांत 'डेंग्यूचे जीवाणू' आणि 'क्षयाचे विषाणू' अजूनही छापून येतात. जीवाणू म्हणजे स्वतःचे खाऊन-पिऊन स्वतः वाढणारी पूर्ण पेशी. विषाणूला दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय काही करता येत नाही, आणि प्रतिजैविकाने त्याचे काहीच बिघडत नाही. साध्या सर्दीला 'जरा स्ट्राँग गोळी द्या' म्हणणाऱ्या माणसाची चूक या दोन शब्दांच्या घोळात आहे.

विषाणूची कल्पना मांडली मार्टिनस बायरिंकने, १८९८ साली, आणि तीही लेवेनहुकच्याच डेल्फ्टमध्ये. तंबाखूच्या पानांचा रोग अशा गाळणीतून पार होत होता जिच्यातून जीवाणू जात नाहीत. १९३५ साली वेंडेल स्टॅन्लीने त्याच विषाणूचे स्फटिक बनवून बाटलीत भरले. साखरेसारखे ठेवता येते आणि पानावर चोळले तर पुन्हा पसरते, अशा वस्तूला सजीव म्हणायचे की नाही हा वाद मी या पुस्तकात टाळला आहे. वर्गीकरणाला तो लागत नाही. डेव्हिड बाल्टिमोरने १९७१ मध्ये प्रश्नच बदलला. विषाणू जगतो का हे सोडा, तो आपल्या जनुकांपासून संदेशवाहक आरएनए कसा बनवतो ते सांगा. त्यातून पडलेले गट आजही अभ्यासाला सोयीचे आहेत. तिसऱ्या प्रकरणात ते सविस्तर येतात.

आपल्याकडच्या दोन विषाणूंबद्दल मात्र इथेच लिहायला हवे. १९६५ साली नागपूरकडच्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एक नवा विषाणू वेगळा केला. त्याला चांदीपुरा या गावाचे नाव मिळाले. सूक्ष्मदर्शकात त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो, आणि हाच आकार रेबीजच्या विषाणूचा. दोघांचे कूळ एकच. एकदा व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारले, "मग कुत्रा चावल्यावर घेतात ती लस चालेल का?" प्रश्न चांगला होता, उत्तर नाही असे आहे. कूळ एक, पण त्यातले गट वेगळे. एक चावण्यातून येतो, दुसरा वाळूमाशीतून. दुसरा विषाणू कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलाच्या नावाचा, १९५७ मध्ये याच पुण्याच्या केंद्राने शोधलेला. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत त्याला माकडताप म्हणतात. जंगलात माकडे मरून पडू लागली की लोक सावध होतात, म्हणून ते नाव. पण माणसाला तो देते गोचीड. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नव्या रोगांना गावाची, माणसांची, प्राण्यांची नावे देऊ नका. बरोबरच आहे. चांदीपुऱ्याच्या लोकांनी काय पाप केले होते?

आणि ग्रामच्या रंगामुळे झालेली सर्वांत मोठी फसगत विषाणूंच्याच खात्यात आहे. १९९२ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला न्यूमोनियाच्या साथीचा शोध घेताना एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबामध्ये काही गोल जंतू दिसले. रंगवले तर जांभळे. म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणू, असे समजून त्याला गावाचे नावही दिले. तो वाढेना, त्याचे जनुक सापडेना, म्हणून कित्येक वर्षे फ्रीझरमध्ये पडून राहिला. २००३ मध्ये कळले की तो विषाणू आहे, सूक्ष्मदर्शकात दिसण्याइतका प्रचंड. आता त्याला मिमिव्हायरस म्हणतात. असे महाकाय विषाणू आयआयटी मुंबईच्या संशोधकांना मुंबईच्या पाण्यातही सापडले आहेत. त्यांतल्या एकाच्या नावात पवई तलाव आहे, दुसऱ्याच्या नावात कुर्ला. लोकलच्या गर्दीत उभे राहून हे सांगितले की मुलांना वर्गीकरण एकदम आवडू लागते.

लोणारचे नाव घेतल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या त्या उल्कासरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. फोटो फिरले, शकुन-अपशकुन झाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात हॅलोआर्किया माजले, गुलाबी रंग त्यांचा. पाऊस पडून पाणी पातळ झाले तसा रंग उतरला. गोव्यात रायबंदरच्या मिठागरांतूनही असे आर्किया मिळाले आहेत.

हे आर्किया दिसायला जीवाणूंसारखेच. १९७७ पर्यंत त्यांना जीवाणूच समजत. त्या वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी आकार, रंग, खाणे सगळे बाजूला ठेवले. प्रथिने बनवण्याचा कारखाना प्रत्येक पेशीत असतो. त्या कारखान्यातल्या एकाच आरएनएचा तुकडा त्यांनी निरनिराळ्या जीवांत ताडून पाहिला. मिथेन तयार करणारे जंतू कुठेच बसेनात. ते जीवाणूंपासून आपल्याइतकेच दूर निघाले. सजीवांची तिसरी शाखा सापडली होती, आणि ती कुठल्या दूरच्या ज्वालामुखीत नव्हती. परसातल्या गोबरगॅसच्या खड्ड्यात मिथेन बनवतात ते हेच. आपल्या आयाबहिणींनी त्यांच्या जिवावर चहा उकळला होता. लोणारच्या आर्कियाच्या कुळातल्या एकाचे शास्त्रीय नाव अजून हॅलोबॅक्टेरियम आहे, म्हणजे खारा जीवाणू. तो जीवाणू नाही. नाव बदललेले नाही.

नवे नाव द्यायचे तर नियम कडक आहेत. जीवाणूचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे कुणालाही मागवून ताडता येतो. असा एक मोठा संग्रह पुण्यात आहे. १९८० च्या १ जानेवारीला जुन्या नावांची साफसफाई झाली तेव्हा हजारो नावांतून सुमारे अडीच हजारच उरली. त्यानंतर नावे पुन्हा वाढली, पुन्हा बदलली. हैदराबादहून २००५ मध्ये सोडलेल्या बलूनने कित्येक किलोमीटर उंचीवरून आणलेल्या हवेत तीन नवे जीवाणू सापडले आणि २००९ मध्ये एकाला आर्यभटाचे नाव मिळाले. आज तो बॅसिलस कुळात राहिलेला नाही. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलस कुळाचेही २०२० मध्ये पंचवीस तुकडे झाले. म्हणून या पुस्तकात मी शक्य तिथे जुने आणि नवे अशी दोन्ही नावे दिली आहेत आणि नावे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. लॅटिन उच्चाराचा आग्रह धरणाऱ्यांची मी आधीच क्षमा मागते.

प्रकरणे कुठल्याही क्रमाने वाचता येतील. फक्त पहिल्या प्रकरणातला प्रयोग करून पाहायचा असेल तर ताक घरचे, एक दिवस शिळे आणि बिनमसाल्याचे घ्यावे. हिंग-जिऱ्याचे कण भिंगाखाली धोंड्यांसारखे दिसतात आणि मुले त्यांचेच चित्र काढून आणतात.